गुंजाळ साहेबांची प्रश्नवही

एसटीतून जाताना एखाद्या शेताच्या बांधावर बूट काढून ठेवलेले दिसले, की मी अजूनही खिडकीतून मान बाहेर काढतो. बायको म्हणते, एक दिवस मान जाईल. तिला कारण ठाऊक आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या बुटांसाठी कुणी मान धोक्यात घालू नये, एवढंच तिचं साधं म्हणणं आहे.

ते बूट कॅनव्हासचे होते. मुळात पांढरे असावेत, मी पाहिले तेव्हा मातीच्या रंगाचे झालेले. आमच्या कृषी विद्यापीठातल्या विस्तार विभागाचे गुंजाळ साहेब कुणाच्याही शेतात पाऊल टाकण्याआधी बांधावर बसून ते शांतपणे काढायचे, जोडीनं ठेवायचे, मोजे आत कोंबायचे आणि अनवाणी रानात उतरायचे. सराटे असोत की ढेकळं, फरक पडत नसे. मी नवा असताना त्यांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, “चित्रकार, तुम्ही कुणाच्या घरात बूट घालून शिरता का?”

मला ते चित्रकारच म्हणायचे. खरं तर मी नगरच्या एका सायनबोर्ड पेंटरकडे सिनेमाचे बोर्ड रंगवणारा माणूस. विद्यापीठ नवं निघालं, विस्तार विभागात तक्ते आणि फलक काढायला एक जागा निघाली आणि माझी वर्णी लागली. काल नटीच्या साडीला रंग देणारा हात आज कपाशीच्या बोंडअळीला रंग देऊ लागला. अळी नटीपेक्षा पुष्कळ सोपी होती, ती नाक मुरडत नसे.

तेव्हा विद्यापीठ म्हणजे मुरुमाच्या माळावरच्या सात-आठ इमारती. भिंतींना चुन्याचा वास, झाडं माझ्या कमरेएवढी. विस्तार विभागाला तीन खोल्या, एक स्लाइड दाखवायचं यंत्र आणि एक जीप, तीसुद्धा दुसऱ्या विभागाबरोबर वाटून घेतलेली. विद्यापीठात जे ज्ञान तयार होतं ते गावोगाव पोचवायचं, हे आमचं काम. तसं आमच्या माहितीपत्रकात छापलेलंच होतं. गावाकडून विद्यापीठाकडे काय यायचं, याबद्दल मात्र पत्रकात एक ओळ नव्हती. कुणाला ते सुचलंच नव्हतं. गुंजाळांना त्यातलं निम्मं सुचलं होतं, आणि त्या निम्म्यावरच पुढचं सगळं घडलं.

ते निम्मं म्हणजे त्यांची प्रश्नवही. तांबड्या कापडी बांधणीची लांबट वही, तिला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. वहीत चार रकाने होते: विचारणाऱ्याचं नाव, गाव, प्रश्न आणि उत्तर. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवायचा, त्याला इस्त्री करायची नाही, असा दंडक होता. एकदा मी पक्की प्रत करताना ‘हाय’चं ‘आहे’ केलं, तर त्यांनी ते पान फाडून मला पुन्हा लिहायला लावलं. म्हणाले, माणूस आपल्या भाषेत विचारतो तेव्हा त्याला काय माहीत आहे तेही त्यात येतं, तुम्ही ते पुसून टाकता.

दर शनिवारी सकाळी सगळ्या विभागप्रमुखांची बैठक असे. अजेंड्यात शेवटचा विषय ‘क्षेत्रीय प्रश्न’. तोवर मंडळी घड्याळाकडे बघू लागलेली असायची. मग गुंजाळ उठायचे आणि कीर्तनकाराच्या गंभीरपणानं वही वाचायला लागायचे. ‘गुंजाळांची पोथी निघाली’ असं कुणीतरी पुटपुटायचं. एकदा त्यांनी सोनईच्या एका बाईचा प्रश्न वाचला: “वांग्यातली कीड आदी वांग्यात शिरती, का आदी कीड असती आन वांगं तिच्याभवती वाढतं?” सगळे हसले. कीटकशास्त्राचे प्रमुखही हसले, आणि मग हसता हसता गप्प झाले, कारण वांग्यावर आत जायचं भोक दिसत नाही हे त्या बाईनं बरोबर हेरलं होतं. पुढच्या शनिवारी ते दोन पानी उत्तर लिहून घेऊन आले. गुंजाळ ते उत्तर घेऊन स्वतः सोनईला गेले आणि त्या बाईला ओसरीवर बसून समजावून आले.

उत्तर टपालानं पाठवायचं नाही, हा त्यांचा दुसरा दंडक. जिथून प्रश्न आला तिथं जाऊन द्यायचं. आणि उत्तर दिल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही. पाणी घ्यायचे, तेही तांब्याभर, दारातच. चहा पुढे आला की हात जोडून म्हणायचे, तुमचा प्रश्न अजून माझ्याकडे आहे, तो परत दिला की घेईन. पहिल्यांदा लोकांना हा माणूस सोवळ्यातला वाटायचा. मग कळायचं आणि लोक चिडवायचे. कोपरगावच्या एका म्हाताऱ्यानं तर केवळ साहेबाला चहा पिता येऊ नये म्हणून दर भेटीला नवा प्रश्न काढून ठेवायचा सपाटा लावला होता.

कोपरगावचीच आणखी एक आठवण. तिथल्या एका मोठ्या ऊसबागायतदाराला आमचा प्रात्यक्षिक प्लॉट आपल्या शेतात हवा होता. शेत हमरस्त्याला लागून, विहिरीला दोन इंजिनं. पाहुणे मोटारीतून उतरले की समोर हिरवंगार पीक. आमच्या विभागप्रमुखांना कल्पना फार आवडली. गुंजाळांनी भर बैठकीत सांगितलं की त्या रानात मीठ पेरलं तरी उगवेल, तिथं आपली परीक्षा कसली. मग गुंजाळांनी जिल्ह्याच्या नकाशावर पार दक्षिणेला, जामखेडच्याही पलीकडे बोट ठेवलं. बोरदरा. एसटी फाट्यापर्यंत, पुढे दोन कोस पायी. विद्यापीठाचा हात कुठवर पोचतो हे शेवटच्या गावावरनं कळतं, असं ते म्हणाले. प्रमुखांनी मान्यता दिली ती बहुधा गुंजाळ तेवढे दिवस बैठकीला नसतील या आनंदात.

आता सोनईचं आणखी एक प्रकरण सांगायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथं आहे. आमच्या एका तरुण व्याख्यात्यानं कांद्याच्या रोपावरच्या औषधाचं प्रमाण अंदाजानं सांगून टाकलं. शेतकऱ्यानं तसं फवारलं आणि वाफेच्या वाफे करपले. गुंजाळ त्या व्याख्यात्याला घेऊन एसटीनं सोनईला गेले आणि त्याला चावडीसमोर उभं राहून, मला माहीत नव्हतं तरी मी सांगितलं, असं म्हणायला लावलं. पोरगा रडकुंडीला आला होता. त्या दिवसापासून नियम झाला: ज्या विषयाचा प्रश्न, त्या विभागाची सही असल्याशिवाय उत्तर कुणी द्यायचं नाही. हा नियम त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला लावला. ते संगमनेरकडच्या शेतकरी घरातले, निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांना पाढ्यांसारखी तोंडपाठ असायची. तरी वहीत लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, मी इथं टपालवाला आहे, टपालवाल्यानं पत्रात आपली ओळ घालू नये.

बोरदऱ्यात त्यांनी चांदभाई शेख यांचं रान निवडलं. चांदभाई पस्तिशीचे, उंच, कमी बोलणारे. पंधरा एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, बायको, दोन लहान मुली आणि आई. आईला सगळं गाव अम्मा म्हणायचं. अम्मा वाकलेल्या होत्या पण नजर करडी. सगळा संसार आपल्या जिवावर चालला आहे असा त्यांचा समज होता आणि तो खरा होता. बैलांची नावं राजा आणि हौश्या. हौश्या पांढराशुभ्र, कपाळावर एक तांबूस ठिपका, आणि माणूस दिसला की मान पुढे करून अंग चाटायचा. गुंजाळांच्या सदऱ्याची बाही त्यानं एकदा चावून ओली केली होती.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात तिथं हायब्रीड ज्वारीचा पहिला प्लॉट पेरला गेला आणि मी फलक रंगवायला गेलो. चार फुटी पत्रा, दोन बल्ल्यांवर ठोकलेला, रस्त्याकडे तोंड करून. मजकूर ठरलेला होता: ‘कणीस माणसाला, कडबा जनावराला.’ एका बाजूला भरलेलं कणीस, दुसऱ्या बाजूला बैल चारा खातो आहे. बैल कुठला काढावा असा विचार करत होतो तेवढ्यात हौश्यानं मागून येऊन माझ्या ब्रशचा वास घेतला. मग त्यालाच काढला, तांबड्या ठिपक्यासकट. चांदभाईंच्या मुली टाळ्या पिटत होत्या.

कडब्याचा रंग पिवळट करडा असतो. पत्र्यावर तो उठत नव्हता. लांबून बैलाच्या तोंडात काहीतरी मळकं आहे एवढंच दिसत होतं. बोर्ड लांबून उठला पाहिजे ही माझी सिनेमातली शिकवण. मी हिरवा लावला. नटीच्या साडीला लावायचो तोच, झगझगीत. बैलाच्या तोंडात हिरवंगार धाट आलं आणि चित्र जिवंत झालं. गुंजाळ लांब उभे राहून बघत होते. मजकूर वाचला, मान हलवली, छान म्हणाले. त्या वर्षी पीक बऱ्यापैकी आलं. कणसं घरात गेली, धाटं वाळून कडबा झाला, बैलांनी तो खाल्ला आणि काही बिघडलं नाही.

मग बाहत्तर साल आलं. त्या सालाविषयी नगर जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगायची गरज नाही. मृगाच्या एका सरीवर पेरण्या झाल्या आणि पाऊस जो गेला तो गेलाच. बोरदऱ्याची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली. पानं गुंडाळलेली, बुडातून नवे फुटवे फुटलेले, कणसाचा पत्ता नाही. श्रावणात आम्ही शिवारफेरीला गेलो तेव्हा पंधरावीस माणसं प्लॉटच्या बांधावर जमली होती. गुंजाळ बूट काढून आत गेले, एक एक धाट हातानं चाचपत फिरले. दुष्काळी कामं अजून सुरू व्हायची होती, कडब्याच्या गंजी संपल्या होत्या, आणि गावात हिरवं म्हणावं असं एवढंच रान होतं.

अम्मा काठी टेकत बांधापर्यंत आल्या. त्यांनी गुंजाळांकडे बघून सांगितलं, “ही अशी खुरटलेली जवारी हाय ना, हिला जनावर लावायचं न्हाई. किराळ लागती. उभ्या उभ्या पडतंय जनावर.”

किराळ म्हणजे कोवळ्या, तहानलेल्या ज्वारीतलं विष. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट. कुणीतरी म्हणालं, अम्मा, ती गावठी ज्वारीची गोष्ट झाली, ही विद्यापीठाची आहे, हिचं काय ते साहेबांना विचारलं पाहिजे. सगळे गुंजाळांकडे बघू लागले. चांदभाईही बघू लागले. गुंजाळांनी वही उघडली, पेन्सिल घेतली. मी शेजारीच उभा होतो, त्यांनी काय लिहिलं ते मला दिसत होतं. नाव: अम्मा शेख. गाव: बोरदरा. प्रश्न: खुरटलेल्या हायब्रीड जवारीनं किराळ लागती का? उत्तराचा रकाना कोरा.

वही मिटून ते म्हणाले, उत्तर घेऊन मी स्वतः येईन. चांदभाईंच्या बायकोनं चहा आणला होता. नेहमीसारखे हात जोडून त्यांनी तो नाकारला.

पुढच्या शनिवारी त्यांनी तो प्रश्न वाचला. पीकशास्त्रवाले म्हणाले, जनावराचा प्रश्न आहे, पशुविभागाकडे द्या. पशुविभागाचे प्रमुख म्हणाले, चाऱ्याचा प्रश्न आहे, नमुना तपासल्याशिवाय सही करता येणार नाही. गुंजाळांनी नमुना मागवायला माणूस पाठवला. नमुना आला तर तपासणारे डॉक्टर रजेवर. ते आल्यावर दुसऱ्या दिवशी गुंजाळ त्यांच्या दारात जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. प्रत्येकानं नियम पाळला होता आणि नियम गुंजाळांचाच होता. मधल्या दिवसांत पोळा होऊन गेला.

अखेर सही मिळाली. टाइप केलेला अर्धा कागद. गुंजाळांनी तो घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, जीप नव्हती म्हणून एसटी पकडली, आणि मलाही बरोबर घेतलं, कारण फलकावर इशाऱ्याची एक ओळ वाढवायची होती. फाट्यावरून दोन कोस आम्ही चालत गेलो. ऊन पावसाळ्यातलं वाटत नव्हतं. गुंजाळ झपाझप चालत होते, आज चहा मिळणार, असं एकदा हसून म्हणालेसुद्धा.

चांदभाईंच्या घरासमोर दावण मोकळी होती. दोन खुंटे, दोन कासरे, गव्हाणीत हिरव्या पाल्याचे चार तुकडे. चांदभाई भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी उठून राम राम केला नाही, बसाही म्हटलं नाही. बोलल्या त्या अम्मा. परवा सकाळी झालं, म्हणाल्या. जनावरं चार दिवस उपाशी, पोळ्याला नैवेद्यापुरतं खाल्लेलं. आपण लेकाला नको म्हणत होतो, तर लेक म्हणाला, अम्मा, तुझं म्हणणं साहेबांनी विद्यापीठात नेलंय, तिथं तपासतायत, तुझं खरं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मग तो त्यांना हाताला धरून फलकापाशी घेऊन गेला. चांदभाईंना वाचता येत नव्हतं.

“मला म्हनला, ही बघ. आपलाच हौश्या हाय. हिरवं खातोय का न्हाई?”

अम्मांनी हे तक्रारीनं सांगितलं नाही. घडलं ते सांगत होत्या. दोन भारे घातल्यावर तासाभरात बैल थरथरायला लागले, तोंडाला फेस आला. बांबूच्या नळीनं गूळ-ताक पाजलं, काही उपयोग झाला नाही. आधी हौश्या पडला, मग राजा. ओढून नेताना शिंगांवरचा पोळ्याचा हिंगूळ तसाच होता.

मी जमिनीकडे बघत होतो. गुंजाळांनी दारातून दिसणाऱ्या फलकाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेव्हाही नाही आणि त्या विषयावरून पुढेही कधी नाही.

मग त्यांनी खिशातून कागद काढला. मला वाटलं, नको काढायला. पण दंडक तो दंडक. त्यांनी उत्तर वाचलं: ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावरांना घालू नये. “अम्मा,” ते म्हणाले, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे.”

अम्मांनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “मी इचारलंच न्हवतं, साहेब. मी सांगितलं हुतं.”

गुंजाळ कागद खिशात ठेवून चांदभाईंपुढे हात जोडून उभे राहिले, चांदभाईंनी मान फिरवली. आम्ही निघालो. निम्मी वाट चालल्यावर माझ्या लक्षात आलं की साहेब अनवाणी चालले आहेत. बूट प्लॉटच्या बांधावरच राहिले होते. येताना घरी जाण्याआधी ते सवयीनं रानात डोकावले होते. मी पळत जाऊन बूट आणले. त्यांनी ते घेतले, पण पायात घातले नाहीत, फाट्यापर्यंत हातातच होते.

एसटीत बसल्यावर ते एकदाच बोलले. “मला माहीत होतं, चित्रकार. माझ्या वडलांची गाय अशीच गेली होती, मी आठ वर्षांचा होतो. ती बाई बोलली तेव्हा मला ती गाय दिसली. आणि तरी मी पेन्सिल काढली.”

मी त्याच वेळी हिरव्या रंगाचं बोलायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो. भित्रा माणूस आपल्या गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणतो, तसं मीही पुष्कळ दिवस म्हटलं.

त्या शनिवारी शेवटच्या विषयाला गुंजाळ उठले तेव्हा कुणी पोथी म्हटलं नाही. त्यांनी झालेलं सगळं सांगितलं आणि एक मागणी केली: वहीला पाचवा रकाना हवा, ‘गावानं सांगितलेलं’. आणि त्या रकान्यात जे येईल ते सहीसाठी थांबणार नाही, खोटं ठरेपर्यंत खरं मानायचं. पुष्कळ चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, मग विद्यापीठ कशाला काढलं. कुणी म्हणालं, अंधश्रद्धाही येतील त्यात. हे खोटं नव्हतं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि पुढच्या बैठकीत दुष्काळी चाऱ्याचा विषय मोठा होता.

वार्षिक अहवालात बोरदऱ्याबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता. गुंजाळांनी लिहिलं की सदर गावी दोन बैल विभागाच्या कार्यपद्धतीतील दोषामुळे दगावले. प्रमुखांनी ‘अवर्षणामुळे’ असं सुचवलं. गुंजाळांनी बदलायला नकार दिला. प्रमुख वाईट माणूस नव्हते, त्यांनी तीनदा समजावलं. चौथ्या वेळी अहवाल दुसऱ्याकडून लिहून घेतला आणि गुंजाळांची बियाण्याच्या गोदामात बदली झाली.

गोदामात ते पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एका स्टुलावर बसलेले असायचे. मी मधल्या सुट्टीत जायचो. प्रश्नवही त्यांनी विभागात जमा केली होती. नंतर ती कुठल्या कपाटात गेली मला माहीत नाही. त्यांचा हात मात्र बोलता बोलता खिशाकडे जायचा, रिकाम्या खिशाला लागून परत यायचा. हमाल, गाडीवान, कुणी काही बोललं की ते फार लक्ष देऊन ऐकायचे आणि मग विचारायचे, तुम्ही मला हे विचारताय की सांगताय? हमालांना वाटलं साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला. गुंजाळही ते ओळखून माझ्याकडे बघून हसायचे, पण पुन्हा विचारायचेच. एक दिवस ते लांब रजेवर गेले. गावी गेले, असं कळलं.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. आमचं प्रदर्शन जीपमधून जामखेडला गेलं तेव्हा मी एक अर्धा दिवस मागून घेतला आणि पिवळ्या रंगाचा एक डबा पिशवीत घातला. कुणाला सांगितलं नव्हतं. फाट्यापर्यंत एसटीनं, पुढे पायी. शिवारात पुन्हा ज्वारी उभी होती, चांगली छातीइतकी. चांदभाईंनी शेजाऱ्याच्या बैलांवर सावडीनं, म्हणजे बदल्यात त्याच्या रानात राबून, पेरलं होतं, हे मला नंतर कळलं.

प्लॉटच्या अलीकडे एक बाभूळ आहे. तिथून मला आधी बूट दिसले. बांधावर, जोडीनं, मोजे आत कोंबलेले.

गुंजाळ फलकासमोर उकिडवे बसले होते. हातात ब्रश, शेजारी करवंटीत रंग. बैलाच्या तोंडातला हिरवा चारा ते पिवळा करत होते. ब्रश धरायची सवय नाही, त्यामुळे रंग हौश्याच्या नाकाडावर गेला होता, कपाळावरच्या तांबड्या ठिपक्यालाही थोडा लागला होता. ते अंगठ्यानं पुसत होते आणि आणखी पसरवत होते. माझी चूक त्यांना बैल गेल्याचं कळलं त्या दिवसापासून माहीत होती. मला लाज वाटू नये म्हणून ते गप्प राहिले होते, आणि आता एवढ्या लांबून एकटे येऊन ती आपल्या हातानं झाकत होते. मला हाक मारता आली नाही.

पलीकडून अम्मा आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपबशी, बशीत चहा सांडलेला. त्या त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. साहेबांनी रंगलेले हात जोडले, नेहमीसारखे.

“मी आजवर तुमाला काय बी इचारलं न्हाई,” अम्मा म्हणाल्या. “आज इचारते. च्या घ्याल का?”

गुंजाळांचा हात खिशाकडे गेला. तिथं थांबला. मग त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि मान खाली घालून चहा प्यायला लागले. खांदे हलत होते. अम्मा फलकाकडे बघत शेजारी उभ्या होत्या.

मी पुढे गेलो नाही. पिशवीतला डबा काढून त्या बुटांशेजारी ठेवला आणि फाट्याच्या वाटेला लागलो.